लामत्याच्या भांडणाचं मूळ

बालाघाटात पस्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या चंद्रशेखर सरांना एकाएकी मानसशास्त्राचं वेड लागलं. राजे लढतात ते राज्यासाठी नाही, लहानपणी आईनं बदडलं म्हणून, असं त्यांचं ठाम मत झालं.

"हे मले नका सांगू," बायको मंजुषा म्हणाली. "कुठं तरी करून पाहा."

सरांनी आपलं गाव लामता निवडलं. तिथल्या दोन वस्त्या, वरचा टोला आणि खालचा टोला, वीस वर्षं एकमेकांच्या पंगतीला बसत नव्हत्या. का, ते कोणालाच धड आठवत नव्हतं.

रविवारी सरांनी समाजमंदिरासमोर बाज टाकली आणि वरच्या टोल्याच्या पुढाऱ्याला, साठीच्या धिप्पाड डोमाजीला, तिच्यावर आडवं केलं.

"डोमाजीभाऊ, डोये मिटा. लहानपनी माय मारे का?"

"हौ. लय मारे."

"काहून?"

डोमाजीनं बाहीनं नाक पुसलं. "लहान्याले अंडं दे, अन् मले नुसता रस्सा. मी मांगलं का मारे."

सरांनी वहीत लिहिलं : भांडणाचं मूळ, अंडं.

मग रांगच लागली. खालच्या टोल्याचा मोतीलाल तर बाजेवर पडायच्या आधीच रडू लागला. पन्नाशीचे बाप्ये हुंदके देत होते आणि सर भराभर पानं भरत होते. एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नव्हती. यातल्या बऱ्याच आया अजून जिवंत होत्या.

डोमाजीची माय तुळसाबाई काठी टेकत वरून आली. मोतीलालची माय विमलाबाई झाडू घेऊन खालून आली.

"कोन म्हनते मी अंडं नाही देल्लं?"

"माह्या पोराले रडवून काय शिकवून राह्यला रे, मास्तर?"

"मावशी, हे शास्त्र आहे..."

"तुह्या मायनं तुले कमी मारलं वाटते!" तुळसाबाई म्हणाली, आणि ती कसर तिथंच भरून निघू लागली.

सर वही छातीशी धरून बस स्टँडकडे पळाले. मागं दोन्ही टोल्यांच्या बाया एकाच घोळक्यात. बस सुटल्यावर दमलेल्या तुळसाबाईला विमलाबाईनं आपल्या ओट्यावर बसवून चहा पाजला. एवढं झाल्यावर पोरांची भांडत राहायची काय बिशाद!

महिनाभरानं लामत्यात दोन्ही टोल्यांची मिळून पंगत बसली. निमंत्रण बालाघाटलाही आलं. सरांनी आनंदानं लिफाफा फोडला.

आत फक्त मंजुषाचं नाव होतं.