भोक पडलेला बगळा

आमच्या ह्यांच्याबरोबर बाजारात जाणं म्हणजे डोक्याला ताप. सुटे पैसे हातात पडले की ह्यांच्या खिशातून भिंग निघतं. मागे रांग खोळंबते, दुकानदार कपाळाला हात लावतो, आणि मी पिशवी सावरत दुसरीकडे बघत उभी राहते, जणू हा माणूस माझा कुणीच नाही.

हे टांकसाळीत ठसे कोरायचे. ठसा म्हणजे पोलादाचा उलटा साचा. तो दाबला की नाणं उमटतं. बगळ्याचं नाणं ह्यांच्याच हातचं. त्यात ह्यांनी आपली एक बारीकशी खूणही कोरली होती. पण तो ठसा थोडीच नाणी पाडून तडकला. दुसरा करताना मोठ्या साहेबांनी खूण वगळायला लावली आणि बगळा स्वतःच्या नावावर करून टाकला. तेव्हापासून पहिल्या ठशाचं एक तरी नाणं मिळावं म्हणून हे जिवाचं रान करतायत. कपाटभर नाणी जमली, नेमकं तेवढंच नाही. खूण कसली, कुठे, असं मी विचारलं की ठरलेलं उत्तर, “तुला त्यातलं काय कळणार!”

परवा संग्रहालयाच्या बाई आल्या. प्रदर्शनासाठी ह्यांची काही नाणी न्यायची होती. बगळ्याखाली लावायच्या पाटीचा कच्चा मजकूर त्यांनी वाचून दाखवला. एका पायावर उभा बगळा, एकाग्रतेचं प्रतीक. खाली मोठ्या साहेबांचं नाव.

हे ताडकन उठले. “एकाग्रता कसली डोंबलाची! मागच्या बाजूला एवढा ढब्बू आकडा. ठसा दाबला की धातू सगळा तिकडे जायचा, दुसरा पाय उमटतच नव्हता. शेवटी वैतागून मी तो पोटाशी दुमडला!”

बाईंना हसू आलं. “काका, मला पटतंय हो. पण साहेबांच्या सहीचं चित्र आहे आमच्याकडे. तुम्ही काहीतरी दाखवायला हवं. उद्या पाट्या छापायला जातायत.”

“खूण होती,” हे खाली बसले. “टेकलेल्या पायाच्या मागे, दोन आडव्या रेषा. पण ते नाणं नाही माझ्याकडे.” आवाज इतका पडलेला की मला कसंसंच झालं. आता पाटी छापली की संपलंच.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दोन रेषा मी रोज बघते! मला वाटायचं, ओरखडे आहेत.

बगळा नवा नवा निघाला तेव्हा सासूबाईंनी दुकानातून सुटे म्हणून आलेलं एक नाणं उचललं. लेकाचं काम म्हणून कौतुकाने त्याला भोक पाडून घेतलं आणि कपाटाच्या किल्लीला अडकवलं. हे केवढे चिडले होते! भोक पडलं की नाणं मेलं, म्हणे. त्यानंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि किल्ली कुठल्या कपाटाची? ह्यांच्याच नाण्यांच्या! रोज माझ्याकडून किल्ली घेतात, बगळा मुठीत धरून कपाट उघडतात आणि आत बगळा शोधतात!

मी किल्ली ह्यांच्यापुढे आपटली. “हे बघा.”

“अगं, त्याला भोक...”

“भोक वर आहे! पाय खाली आहे! बघा म्हणते ना!”

ह्यांनी भिंग लावलं. बराच वेळ मान वर केली नाही. मग भिंग आणि किल्ली दोन्ही बाईंपुढे सरकवली.

बाईंनी पाहिलं, पेन काढलं आणि मजकुरातलं साहेबांचं नाव खोडलं. “हे नाणं प्रदर्शनाला मिळेल का?”

“हिला विचारा,” हे म्हणाले. “आईने किल्ली हिच्याकडे दिलीय.”

एवढ्या वर्षांच्या संसारात नाण्यांबद्दल मला पहिल्यांदा कुणी काही विचारत होतं. मला रडू येत होतं आणि रडू येतंय याचाच राग येत होता.

“न्या,” मी म्हटलं. “पण किल्ली आता कशाला अडकवू? हरवली की हे माझ्याच नावाने शंख करणार.”

हे कपाटाशी गेले. मखमली डबी उघडली. तिच्यातला बगळा म्हणजे ह्यांचा जीव की प्राण. कोराकरकरीत, बोटसुद्धा न लागलेला. मला जवळ श्वास घ्यायलाही बंदी. तो त्यांनी उघड्या बोटांनी उचलून माझ्यासमोर ठेवला.

“ड्रिल कुठे ठेवलंयस गं?”