शेवटपर्यंत पाहिलेले

आमच्या वाचनालयाच्या फिल्म सोसायटीचा एक नियम आहे, आणि तो मीच केलेला आहे. डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारी प्रत्येक सभासदानं उभं राहून वर्षभरात पाहिलेल्या सिनेमांची यादी वाचायची. थिएटरातला चालेल, टीव्हीवरचा चालेल, मोबाइलवरचाही हल्ली चालतो. पण शेवटपर्यंत पाहिलेलाच मोजायचा. अर्धा सोडलेला सिनेमा म्हणजे अर्धवट सोडवलेलं गणित. त्याला गुण नाहीत.

कण्णूरजवळच्या या गावात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. गाव मला अच्युतन माष म्हणतं, म्हणजे मास्तर, आणि पाठीमागे काय म्हणतं तेही मला ठाऊक आहे. कोणी यादी वाचू लागला की मी मध्येच विचारायचो, "शेवटी त्या डॉक्टरचं काय झालं?" तो चाचरला की नाव कापलं. सोसायटीचा सेक्रेटरी उत्तमन माझाच विद्यार्थी. एका वर्षी त्याची मी नऊ नावं कापली होती. माझी यादी मात्र दरवर्षी सगळ्यांत लांब.

यंदा माझ्या वहीत सत्तेचाळीस नावं होती, आणि त्यातला एकही सिनेमा मी शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

कारण कौसल्या. माझी बायको. जानेवारीत गेली.

दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर सिनेमा लागायचा. आम्ही दोघं दोन खुर्च्या ओढून बसायचो. पण तिची रक्तदाबाची गोळी अशी, की सिनेमा मध्यावर आला की तिची मान कलायची. मी आवाज कमी करायचो आणि उरलेला सिनेमा एकटा पाहायचो. रविवारी सकाळी बिनदुधाचा चहा गाळता गाळता ती विचारायची, "मग? पुढं काय झालं?" आणि मी सांगायचो.

खरं सांगायचं तर मी खोटं सांगायचो. सुरुवात एका विहिरीच्या सिनेमानं झाली. त्यात विहिरीत पडलेलं पोर मरतं. पण हातात गाळणी धरून कौसल्या माझ्या तोंडाकडे अशी बघत होती, की मी बोलून गेलो, "वाचलं. शेजाऱ्यानं दोर टाकला." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग मला त्याची चटकच लागली. फाशी गेलेल्यांना मी माफी मिळवून दिली, पळून गेलेल्या सुनांना घरी आणलं, कॅन्सरची गाठ साधी निघाली. ज्यानं जन्मात कोणाला अर्धा गुण वाढवून दिला नाही, तो दर रविवारी बायकोला धडधडीत फसवत होता. अशी बावीस वर्षं.

यंदाही मी शनिवारी टीव्ही लावायचो. मध्यावर यायचं, शेजारची खुर्ची दिसायची, आणि मी बंद करून टाकायचो. सकाळी विचारणारं कोणी नाही, तर शेवट पाहून करायचं काय?

खोटी यादी वाचणं सोपं होतं. मला शेवट विचारायची कोणाची छाती नव्हती. सभेच्या दिवशी सकाळी मी वहीत तीन शेवट लिहिलेही. मग माझी मलाच लाज वाटली आणि ते खोडले. इस्त्रीचा मुंडू नेसलो आणि निघालो.

"माष, तुमची यादी," उत्तमन म्हणाला.

मी उभा राहिलो. "शून्य."

मागून कोणीतरी हसलं. "माष, गंमत पुरे. केळ्याची भजी निवायला लागलीत."

"सत्तेचाळीस सुरू केले. पुरा एकही केला नाही. नियमानं शून्य."

उत्तमननं पेन खाली ठेवलं. "माष, यंदाचं वर्ष वेगळं होतं. नियम थोडा सैल केला तर..."

"तुझी नऊ नावं कापली, तेव्हा केला होता का सैल? लिही."

त्यानं लिहिलं. मी खाली बसलो. मागच्या रांगेत आमची शेजारीण नफीसा एकटीच बसली होती. दरवर्षी तिच्या शेजारी कौसल्या असायची. दोघींना याद्यांशी काही देणंघेणं नसायचं, त्या भज्यांसाठी यायच्या.

सभा संपल्यावर नफीसा माझ्याबरोबर निघाली. आमची घरं एका भिंतीला लागून आहेत.

"माष, पुरा का नाही बघत?" पुलाशी आल्यावर तिनं विचारलं.

"सांगायचा कोणाला?"

ती थांबली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला. "तिनं सांगू नको म्हणून शपथ घातली होती. पण आता मी ती किती दिवस पाळू? कौसल्यानं सगळे शेवट बघितलेत, माष."

"झोपायची ती."

"रात्री झोपायची. रविवारी दुपारी दोनला तोच सिनेमा परत लागतो. तुम्ही वाचनालयात पेपर वाचायला जायचात आणि ती आमच्याकडे यायची. तो विहिरीचा होता ना? ती मला म्हणाली, पोर वाचलं. मी म्हटलं, अगं, मेलं ते. भांडलो आम्ही. मग दोघींनी बसून बघितला."

मी विचारलं, "आणि मग?"

"मग काय, रडली. डोळे पुसून म्हणाली, आमच्या माषांचा शेवट बरा होता. तेव्हापासून दर रविवारी तेच. इथं रडायची, तोंड धुवायची आणि तुमच्या चहाच्या वेळेला घरी."

"मला का नाही बोलली?"

"बोलली असती, तर तुम्ही खरे शेवट सांगायला लागला असता. तुमचा स्वभाव तिला माहीत नव्हता होय?"

मला राग आला. तिचा, नफीसाचा, माझा, कोणाचा ते कळेना. विहिरीतलं ते पोर मेलं तेव्हा मीही रडलो होतो, तिची झोप मोडू नये म्हणून तोंडावर पंचा धरून. तीही रडली, दुसऱ्या दिवशी, भिंतीपलीकडे. बावीस वर्षं आम्ही एकाच शेवटाला वेगवेगळे रडलो. एकदा जरी मी तिला हलवून उठवलं असतं, तर दोघं मिळून रडलो असतो. आता ते कधीच होणार नाही.

"दोन वाजत आले," फाटकाशी नफीसा म्हणाली. "कालचा बोटीचा सिनेमा अर्धाच बघितलात ना? आवाज मध्येच बंद झाला ते मला भिंतीतून कळलं. या आमच्याकडे."

सभा संपली होती, पण वर्ष अजून संपलं नव्हतं. मी गेलो. खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीकडे तिनं बोट दाखवलं. ती कोणाची, हे विचारावं लागलं नाही. खुर्चीच्या हातावरची वेताची पट्टी एका जागी सोलून निघाली होती. आमच्या घरच्या खुर्चीचीही कौसल्यानं तीच गत केली होती, नखानं खरवडून.

सिनेमात एक म्हातारा वादळात मासे धरायला जातो आणि त्याची बायको किनाऱ्यावर कंदील घेऊन उभी राहते. मी मध्य ओलांडला. उठावंसं वाटलं, पण उठलो नाही. सकाळ झाली, तिनं कंदील विझवला, समुद्र मोकळाच होता. शेवटच्या नावांच्या पाट्या सुरू झाल्या. नफीसानं नाक पुसलं. मीही पुसलं. पंचा तोंडाशी धरला नाही.

"माष," ती म्हणाली, "हा तुम्ही तिला कसा सांगितला असता?"

मी विचार केला. बोट दुसऱ्या गावच्या किनाऱ्याला लावता आली असती. म्हाताऱ्याला एखाद्या मोठ्या जहाजानं उचलून घेतलं असतं. बावीस वर्षं मला असलं काहीतरी झटकन सुचायचं. मी तोंड उघडलं. समोर चहाची गाळणी नव्हती.

"बोट परत आली नाही," मी म्हणालो.

नफीसानं उठून टीव्ही बंद केला.