काठाला घातलेली दुमड

माझ्या खालच्या काठापासून बरोबर चार सेंटिमीटर वर एक आडवी रेघ आहे. आजूबाजूच्या हिरव्यापेक्षा ती किंचित फिकी दिसते. तिच्याही वर, तितक्याच अंतरावर, सुईच्या भोकांची रांग आहे. दोन भोकांमधले अंतर साधारण पाच मिलिमीटर भरेल. एके ठिकाणी मात्र चार भोके एकमेकांना चिकटून आहेत. तिथे शिवणाऱ्याच्या बोटाला सुई टोचली होती.

मित्रांनो, मी एक जुना किल्ट आहे, स्कॉटलंडमधले पुरुष कमरेला नेसतात तो गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा, आणि ही रेघ माझ्या अंगावर असायला नको होती.

आत्ता मी एफीच्या टेबलावर उताणा पडलो आहे. शेजारी खडू, टेप आणि मोठी कात्री आहे. कात्री उघडी आहे. ती कशासाठी, हे सांगायला मला थोडे मागे जावे लागेल.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी मी ह्याच टेबलावर तयार झालो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, खाडीकाठच्या गावात एफीचे हे दुकान आहे. तिने शिवलेला मी पहिला किल्ट, तिच्या भावासाठी, हेक्टरसाठी. सव्वासात मीटर लोकर, गडद हिरव्या-निळ्या चौकड्या आणि त्यांतून जाणारा एक पिवळा धागा. हे त्यांच्या घराण्याचे टार्टन; प्रत्येक घराण्याची चौकडी वेगळी असते. एफीने निऱ्या अशा बसवल्या की मागून पाहिले तरी चौकडी कुठे तुटलेली दिसत नाही. खालच्या काठाला मात्र तिने सुई लावली नाही. तो काठ मागावरूनच पक्का होऊन येतो. मोठ्या माणसाच्या किल्टला खालून दुमड घालत नाहीत. उंची कमी करायची तर कमरेतून कापतात, आणि कापलेले परत जोडता येत नाही. गावात हे सगळ्यांना इतके ठाऊक आहे की कोणी कोणाला सांगत नाही.

हेक्टर खाडीवरची फेरीबोट चालवायचा. मला तो रोज नेसायचा. खारे पाणी, डिझेल, मेंढ्यांची लाळ, सगळे माझ्या चौकड्यांत मुरून जायचे आणि वरून काही दिसायचे नाही. किनाऱ्यावरची माणसे बोटीआधी मला ओळखत. "पिवळा धागा दिसला, चला, हेक्टर आला," असे म्हणत. मला ते फार आवडायचे.

मी चौदा वर्षांचा असताना हेक्टरने एक मूल घरी आणले. स्ट्रुअन त्याचे नाव, वय सहा. शहरातल्या अनाथालयातून तो आला होता. पहिल्या दिवशी धक्क्यावर गावातल्या बायका त्याला बघायला जमल्या, तेव्हा त्याने माझ्या निऱ्यांत तोंड लपवले. त्याचा श्वास मला कापडातून जाणवत होता. थोड्या वेळाने तो पुटपुटत माझ्या चौकड्या मोजू लागला. त्या दिवसापासून मी त्याला माझाच समजत आलो.

स्ट्रुअन एकोणतीस वर्षांचा झाला आणि हेक्टरने बोट त्याच्या हाती दिली. आदल्या आठवड्यात मलाही त्याच्या पलंगावर ठेवले. तोंडाने काही बोलला नाही. हेक्टर असाच आहे.

मी स्ट्रुअनला चार सेंटिमीटर लांब होत होतो. त्याने काय करावे? त्याने खोलीचे दार लावले, सुई-दोरा घेतला आणि एकेक निरी उघडून माझा काठ वर दुमडला. तीन संध्याकाळी तो शिवत होता. बोटाला सुई टोचली तेव्हा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने बोट तोंडात धरले. त्याला वडिलांना चकित करायचे होते.

बोट हाती घेतली त्या दिवशी तो मला नेसून धक्क्यावर आला. सगळे गाव जमले होते. हेक्टरने माझ्या काठाकडे पाहिले. जाड, फुगलेला काठ. कोणीतरी हसले. हेक्टर म्हणाला, "आमच्यातल्या कुणी असं केलं नसतं."

मित्रांनो, माझ्या निऱ्यांमागे स्ट्रुअनचे गुडघे ताठ झालेले मला जाणवले. त्या संध्याकाळी त्याने मला कपाटात टांगले. पुढच्या महिन्यात त्याने एक साधा किल्ट घेतला. एकरंगी, शेवाळी. रोज तोच नेसू लागला.

मी आधी त्या साध्याचा रागराग केला. तो संध्याकाळी माझ्या शेजारी टांगला जायचा, तेव्हा त्याच्यावर डिझेलचा प्रत्येक थेंब उठून दिसायचा. पण तो वाईट नव्हता. साध्या रंगावर घराणे लिहिलेले नसते. त्याच्याकडे बघून कोणी विचारत नाही, तू कुणाचा? स्ट्रुअनला तेवढेच हवे होते. आणि मी? मला कसर लागली. न वापरलेल्या लोकरीला ती लागतेच. अकरा वर्षांत माझ्या आतल्या निरीला तीन भोके पडली.

ह्या मंगळवारी बोटीच्या साखळीत साध्या किल्टच्या तीन निऱ्या अडकून फाटल्या. म्हणून आज स्ट्रुअन आम्हा दोघांना घेऊन इथे आला.

"फाटका सांधून देते," एफी म्हणाली, "पण ठिगळ दिसणार. आणि हा जुना कमरेतून चार सेंटिमीटर कापला तर तुला बेतशीर बसेल. दोन्ही होईल. रोजचा कोणता, तेवढं सांग. माझ्याकडे कमरेचे नवे पट्टे एकाच्याच पुरते आहेत. शिवाय हा उगाच कापून ठेवायचा नाही मला."

"आत्या, घाई कशाची आहे?"

"अकरा वर्षं झाली, बाळा. आणि म्हणे घाई!"

एवढ्यात दार उघडले आणि हेक्टर आत आला. काठी टेकत, टोपी न काढता.

"दोनच्या फेरीला वीस मिनिटं राहिली," तो म्हणाला. "आणि कप्तान अजून विजारीत?"

"किल्ट फाटलाय, बाबा."

"दिसतंय." मग त्याने मला पाहिले. एफी दुमड उसवत होती. "हा कशाला काढलाय?"

"विचारतेय रोजचा कोणता करू म्हणून," एफी म्हणाली.

"साधाच बरा," स्ट्रुअन पटकन म्हणाला. "पर्यटक विचारत बसत नाहीत, घराणं कुठलं म्हणून."

"विचारलं तर सांगायचं."

"काय सांगायचं?"

कात्री माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मी तेव्हा खरोखर घाबरलो, मित्रांनो. कापले तर मी हेक्टरचा कधीच राहणार नव्हतो. आणि कापून झाल्यावर स्ट्रुअनने पुन्हा कपाटात टाकले, तर मी कोणाचाच राहणार नव्हतो.

एफीने उसवलेला दोरा उचलला. वेटोळे होऊन तो तिच्या मुठीत मावत नव्हता.

"हेक्टर, इकडे ये. हे टोक धर."

"कशाला?"

"धर म्हणते ना! आणि चाल मागे. अजून. आता दाराला टेक." दोरा संपेना. "सव्वासात मीटर काठ. पाच-पाच मिलिमीटरला टाका. शाळेत गणितात तू पुढे होतास, सांग किती टाके?"

हेक्टर ओठ हलवत राहिला. "साडेचौदाशे," तो शेवटी म्हणाला.

"ज्याला आपल्यातलं व्हायचं नसतं, तो साडेचौदाशे टाके घालत बसतो होय रे?"

"पण काठ दुमडायचा नसतो, एवढं तरी..."

"कुणी सांगितलं त्याला? तू? हा सातवीत असेपर्यंत ह्याचे किल्ट मीच शिवले. वाढत्या पोराच्या किल्टला मी खाली दुमड ठेवते, दर वर्षी उसवते. तोवर ह्यानं स्वतः नेसलेला प्रत्येक किल्ट दुमड घातलेला होता. माझंच बघून केलं त्यानं. मला हे तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले."

हेक्टरच्या हातात अजून दोऱ्याचे टोक होते. तो दाराला टेकून उभा होता, इतका लांब, की त्याला आवाज चढवूनच बोलावे लागले.

"मला माझ्या आईनं सांगितलं होतं, काठाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "ह्याला मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आणि वर चारचौघांत बोललो." त्याने दोरा बोटाभोवती गुंडाळायला सुरुवात केली आणि गुंडाळत गुंडाळत टेबलाशी आला. "एफी, हा किल्ट आता मला नको आहे. माझ्या मापाचा राहिला नाही तरी चालेल."

"तुझं ऐकलं. पण नेसणाऱ्यानं स्वतः सांगितल्याशिवाय मी कापत नाही, ठाऊक आहे तुला."

खाडीवर बोटीचा भोंगा वाजला. दहा मिनिटे उरली होती.

मित्रांनो, तुमच्या कपाटातही माझ्यासारखे काही टांगलेले असेल. कोणी मनापासून दिलेले, आणि मग एका शब्दापायी बाजूला पडलेले. ते जपून ठेवले आहे, असे समजू नका. आम्ही वापरण्याने झिजतो हे खरे, पण ती झीज सावकाश होते. कसर फार लवकर काम संपवते. ज्याने दिले त्याच्याशी एकदा बोला, आणि आम्हाला बाहेर काढा.

स्ट्रुअनने साध्या किल्टवर हात ठेवला, क्षणभर ठेवूनच दिला, आणि त्याची नीट घडी केली. मग तो माझ्याकडे वळला. त्याच्या अंगठ्याने त्या चार चिकटलेल्या भोकांवरून हळूच रेघ ओढली. नंतर, कोणाच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे, तो पुटपुटत माझ्या चौकड्या मोजू लागला. एक, दोन, तीन. सातव्या चौकडीला थांबला.

"रोजचा हाच," तो म्हणाला. "आत्या, काप."