जाळीतलं पोतं

संगप्पाच्या मातीला नऊ दिवस झाले, तेव्हा कुठे उत्कर्षानं ती फाइल पुन्हा उघडली.

सूत रंगवायच्या शेडमध्ये हवा कशी खेळेल, हे कॉम्प्युटरवर काढून द्यायचं तिचं काम. भिंतीतल्या जाळीतून हवा आत येते. ती जाळी हवेला किती अडवते, तो आकडा आपण भरायचा. कॉम्प्युटर बिचारा हुकमाचा ताबेदार. खोटा आकडा दिला तरी इमानेइतबारे गणित करतो.

आठ महिन्यांपूर्वी ती शेड बघायला गेली, तेव्हा चारही जाळ्यांत ओली पोती कोंबलेली होती. "वारं लागलं की सूत एका अंगानं वाळतंय, रंगाला डाग पडत्यात," रंगारी संगप्पा म्हणाला. "काढू का, बाई?" बाईंना सात रस्ता चौकातल्या ऑफिसात परतायची घाई. "राहू द्या," म्हणाल्या. ऑफिसात आदिनाथसरांनी निकाल दिला, "पोतं ड्रॉइंगमध्ये आहे का? मग जाळी मोकळी धर." तिनं धरली. पडद्यावर शेड निळीशार, स्वच्छ दिसली. दोन पंखे पुरेत, असा अहवाल गेला.

मग दहा दिवसांपूर्वी ब्लीचच्या हौदात ॲसिड सांडलं. विषारी वायू सुटला, शेडमध्येच कोंडला. संगप्पा दारापर्यंतही पोचला नाही.

आज तिनं पोत्यांसकट आकडा भरला. चाळीस मिनिटांत गणित झालं; पडद्यावर शेड माणसाच्या डोक्याच्या वरपर्यंत लाल, कोंडलेल्या हवेनं भरलेली. चाळीस मिनिटं! एका जिवासाठी तेवढीही तिला काढता आली नव्हती. तिला स्वतःचीच शिसारी आली.

तेवढ्यात संगप्पाची बायको नागव्वा दारात येऊन उभी राहिली.

"म्याडम, शेडचा मालक म्हणतो, माज्या नवऱ्यानंच पोती कोंबली, सोताच्या हातानं मेला. उद्या चौकशीत बी तेच सांगनार हाय. पोरगी इचारती, बाबा येडा हुता का? शेड बघाया तुमीच आला हुता. खरं काय ते तुमी सांगा की."

आदिनाथसर केबिनमधून बाहेर आले. "उत्कर्षा, एक शब्द बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस."

"पोती मी बघितली होती," उत्कर्षा नागव्वाला म्हणाली. "काढू का, असं त्यांनी मला विचारलं होतं. मीच राहू द्या म्हटलं. उद्या तिथं हेच सांगणार आहे."



"इचारलं हुतं व्हय त्यानं," नागव्वा पुटपुटली.

उत्कर्षानं पाण्याचा पेला पुढं केला. नागव्वानं तो हातानं बाजूला सारला आणि जिना उतरून गेली.