सात शून्यं

मी एक वही बोलतेय. माझ्यात ना गणितं, ना निबंध. माझ्यात एका मुलीच्या पोटाची हालहवाल आहे. दिवसातून किती वेळा कळ येऊन संडासला धावावं लागलं, रक्त पडलं का, कळ दहापैकी किती.

आतड्यांना सूज येणाऱ्या मुलांसाठी एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास चालला होता. त्यासाठी आम्हा वह्यांचा गठ्ठा छापून आला आणि मी बारा वर्षांच्या एका मुलीच्या वाट्याला आले. घरात तिला ठकी म्हणत. जुनी दोन औषधं तिला लागू पडली नव्हती.

मला हातात देताना डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोजच्या रोज भरायची, आणि खरं तेच. गुण आला नाही तर तिला यातून काढून दुसरा उपाय बघू."

ठकीनं आणि तिच्या दादानं त्यातलं 'काढून' एवढंच ऐकलं.

मला भरायचा तो दादा. गॅरेजमध्ये कामाला. शाळा चौथीतच सुटलेली, अक्षर कोंबडीचे पाय. माझ्या पानापानावर त्याच्या अंगठ्याचा काळा डाग आहे.

"वहीला ग्रीस पाजतोस होय रे?" ठकी म्हणायची.

"पाजतो. मग ती तुझ्यासारखी कुरकुरत नाही."

पाच आठवडे आकडे उतरत गेले. सात, पाच, तीन. एकदा ठकीनं आपणहून जेवण वाढून मागितलं, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सहाव्या आठवड्यात उलटं फिरलं. ठकी संडासात, दादा दाराबाहेर. कळ आली की ती आतून दारावर टकटक करी, तो बाहेरून तसंच उत्तर देई. किती फेऱ्या झाल्या ते तो मोजत होता. पण लिहायला त्याचा हात धजत नव्हता. सात दिवस मी कोरी राहिले आणि माझा जीव टांगणीला लागला.

मग तपासणीचा दिवस आला. दवाखान्याच्या बाकावर त्यानं मला मांडीवर उघडलं.

"किती लिहू?"

"शून्य लिही."

"अगं, पण काल तू..."

"दादा, माझी शपथ आहे तुला. मला काढतील रे."

त्यानं सात दिवस एका बैठकीत भरले. मला ओरडायचं होतं, पण कागदाला तोंड नसतं.

नर्सबाईंनी पानं चाळली. "सगळं एकाच पेनानं?"

"आमच्याकडे पेन एकच आहे," दादा फटकन बोलला. ठकी गालात हसली.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिचं आतडं फुटलं. ऑपरेशन झालं. ती घरी आली नाही.

तीन आठवडे मी गॅरेजात, पान्यांच्या पेटीत होते. एकदा त्यानं मला फाडायला घेतलं. कोपरा फाटला, तसा तो थांबला आणि मला उराशी धरून खाली बसला.

आज त्यानं मला डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं.

"यातली सात शून्यं खोटी आहेत. मी लिहिली. माझ्यामुळं गेली का ती, एवढं सांगा."

बाईंनी मला उघडून ती शून्यं एकेक करून पाहिली. "नक्की नाही सांगता येत रे. आधी कळतं तर आणखी काही करून बघितलं असतं. वाचली असती का, ते मलाही माहीत नाही. पण यावरून पुढच्या मुलांचं औषध ठरतं. ही शून्यं तशीच राहिली असती, तर आम्ही बिनघोर पुढं गेलो असतो."

त्यांनी पेन पुढं केलं. "खोडायचं नाही. एकच रेघ मार, खालचं दिसलं पाहिजे. आठवतं तेवढंच लिही. शेजारी सही आणि आजची तारीख."

"आठवतं. दाराबाहेर मीच होतो."

त्यानं पहिल्या शून्यावर रेघ मारली. नऊ. मग अकरा. एकेक दिवस आठवताना तो बोटानं टेबलावर टकटक करत होता. सातव्या दिवसापुढं चौदा लिहिलं, पुन्हा टकटक केली आणि कान देऊन बसला.

आता मी कपाटात, दुसऱ्या वह्यांच्या शेजारी जाईन. त्या वह्यांची कितीतरी मुलं अजून दाराआड आहेत. त्यांच्या माणसांनो, पोर हातची जाईल या भीतीनं शून्य लिहू नका. मला सगळं सोसतं. मी कागद आहे.