रोवनची डहाळी

"बारा वाजेपर्यंत थेंबसुद्धा मिळायचा नाही," हॅना फीनी म्हणाली आणि दूधखोलीच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. चौऱ्याहत्तर वर्षांची, पाच फुटांची बाई. पण दारात उभी राहिली की दार दिसेनासं व्हायचं.

कोलमन हार्टी टँकरच्या केबिनमधून उतरला आणि टोपी मागे सरकवून हसला. लेट्रिमच्या या डोंगरवाटांवरून घरोघरचं दूध गोळा करायला लागून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. सहा आठवड्यांनी निवृत्ती; उद्यापासून शिल्लक रजा, म्हणजे आजची फेरी शेवटची. गेले पंधरा दिवस त्याच्या जागी येणारी ब्रोना त्याच्या बाजूला बसून रस्ता शिकत होती. कुणाचा कुत्रा नुसता भुंकतो, कुणाचा खरंच चावतो, कुणाच्या अंगणात टँकर वळतो आणि कुठून उलटा बाहेर काढावा लागतो, हे सगळं. हॅनाच्या घराबद्दल मात्र तो सांगायचं टाळत आला होता. सांगून पटण्यासारखं नव्हतंच ते.

"आज एक मे," तो ब्रोनाला हळूच म्हणाला. "आज सकाळी दूध घराबाहेर गेलं की वर्षभराचं लोणी दुसऱ्याच्या घरी जातं, असं ती मानते. आपण पुढची घरं उरकू आणि बाराला परत येऊ. मग ती टँकरच्या नळीच्या मुठीला रोवनच्या झाडाची डहाळी बांधते, चहा देते, आणि दूध मिळतं. दरवर्षीचं आहे."

"डहाळी? नळीला?" ब्रोना चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई. आधी ती खडीचे ट्रक चालवायची, त्यामुळे आवाज दणदणीत. "कोलमन, नळीजवळ झाडपाला चालत नाही. नियम आहे. आणि परत कसं येणार? डेअरीच्या या नोंदीच्या यंत्रात सव्वाआठची वेळ आहे. दूध मिळालं नाही तर नोंद होते. मिसेस फीनी, बर्फात तुमच्या दोन नोंदी झाल्यात. ही तिसरी. तिसरीनंतर डेअरी तुमचं दूध बंद करेल. अकरा गाईंसाठी टँकर डोंगर चढवायला त्यांना तसंही नकोच आहे."

"अगं, मी सांगतो ना त्यांना फोन करून," कोलमन मध्ये पडला.

"कुणाला सांगणार? फोन उचलायला आता माणूस नाही तिथे."

हॅनाच्या एप्रनच्या खिशातून रोवनची हिरवी डहाळी डोकावत होती, पानं कोवळी, कळ्या अजून मिटलेल्या, देठाला लाल लोकर गुंडाळलेली. तिने एकदा ब्रोनाकडे पाहिलं, मग बराच वेळ कोलमनकडे.

"आत या," ती म्हणाली. "दोघंही. बूट पुसून."

स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. टेबलावर सोडा ब्रेड, पिवळंधमक लोणी आणि रूबार्बचा टार्ट. आठ वाजताच टार्ट कापून ठेवलेला पाहून कोलमनला जरा नवल वाटलं, पण टार्टपुढे त्याचं नवल फार टिकत नसे. ब्रोना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. त्यात तेरा महिने होते आणि दर महिन्याला एक झाड.

"बॉस्टनच्या भाचीने पाठवलंय," हॅना चहा ओतत म्हणाली. "केल्टिक झाडांचं म्हणे. आपल्या पूर्वजांचं. आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं."

"रोवन जानेवारी-फेब्रुवारीत टाकलाय," ब्रोनाने पान उलटून वाचलं. "'रक्षण करणारे झाड. वाईट शक्तींपासून सांभाळते, मनाला धीर देते.'"

"फेब्रुवारीत त्या झाडावर पान नसतं एक! कसला धीर देतंय? स्वतःच कुडकुडत असतं." हॅनाने किटली आदळली. "चित्रातलं झाड पाहणाऱ्यांचं कॅलेंडर आहे ते."

कोलमन खदखदून हसला. "अशी कशी बोलतेस? तूच तर या भागातली शेवटची विश्वास ठेवणारी!"

"मी?" हॅना खुर्चीत बसली. "माझा काडीचाही विश्वास नाही."

कोलमनचा घास हातातच राहिला.

"माझ्या आईचा होता. ती गोठ्याच्या दारावर रोवन लावायची, गाईच्या शेपटीला लाल लोकर बांधायची, आणि तिच्याच गाईंचं लोणी सगळ्या गावात वाईट निघायचं. मी लग्न होऊन इथे आले ते सगळं तिथेच सोडून आले."

"मग पंचवीस वर्षं ही बाराची अट? ही डहाळी?"

हॅनाने पेल्यातला चमचा उगाच फिरवला. मग ती ब्रोनाकडे बघून बोलू लागली, जणू तिलाच सांगायचं होतं.

"या बाबाने नोकरीच्या पहिल्याच वर्षी भट्टीच्या वळणावर टँकर आडवा पाडला. एक मे, दाट धुकं. सगळं दूध डोंगरावरून खाली. ओढा पांढराशुभ्र झाला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय. हा वाचला, खांद्याचं हाड मोडलं तेवढंच. पुढच्या वर्षी त्याच तारखेला माझ्या अंगणात आला. दूध भरून झालं, आणि हा टँकरच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा. वर चढेना. हात असे कापत होते. चेहरा चुन्यासारखा."

कोलमन टेबलाकडे बघत होता.

"आता मी काय सांगू? घाबरू नकोस? पुरुष माणसाला असं सांगितलं की तो उगाच आवाज चढवतो आणि जास्त घाबरतो. म्हणून म्हटलं, थांब, आज रोवन बांधल्याशिवाय माझं दूध गेटाबाहेर जायचं नाही. चल, आधी चहा घे. ताजी डहाळी तोडली, बांधली, दोन तास गप्पा मारल्या. गेला मग हळूहळू. पुढच्या वर्षी बाराची अट घातली, म्हणजे सकाळचं धुकं विरेल आणि जेवून जाईल. मग दरवर्षी तेच. मला वाटलं, भित्रा आहे बिचारा, त्याला आधार आहे तर असू दे."

ब्रोनाने पेला उचलला आणि परत ठेवला.

"भित्रा?" कोलमन शेवटी म्हणाला. "मी सगळ्या पबला सांगत आलोय, म्हातारी बाई आहे, तिचं मन मोडायचं नाही म्हणून थांबतो!"

"म्हातारी? तेव्हा मी पन्नाशीला टेकले नव्हते, गाढवा!"

कोलमन आधी गालात हसला, मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग तो असा काही हसला की टार्टचा तुकडा घशात अडकला. ब्रोनाने त्याच्या पाठीत दोन गुद्दे घातले. हॅना डोळे पुसत होती. हसून पाणी आलं होतं की कसं, ते तिने कुणाला विचारू दिलं नाही.

"खरं सांगू?" श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला. "मी ती डहाळी नळीवरून काढून सीटखाली ठेवायचो. वर्षभर. नवी मिळाली की मगच जुनी टाकायचो. बायकोला म्हणायचो, वासाला बरी असते."

"तिला वास नसतो," हॅना म्हणाली.

"माहीत आहे."

ती उठली. खिशातली डहाळी काढून तिने जॅमच्या बाटलीत पाणी घेऊन त्यात खोचली आणि खिडकीत ठेवून दिली. "जा पोरी, दूध भरून घे. तिसरी नोंद कशाला हवी? या माणसाला आता टँकर चालवायचा नाही, तर अटही संपली."

ब्रोनाने घड्याळ पाहिलं. साडेआठ. "यंत्रात कारण लिहायला जागा आहे," ती म्हणाली. "'दुधाचं तापमान तपासण्यात वेळ लागला.' मी नवीन आहे, मला लागू शकतो." मग जरा अडखळून, "मिसेस फीनी, मला नाही का बांधणार तुम्ही? मुठीला नको. आत कुठेतरी."

"तुला कशाला? तुझे हात बघ, दगडासारखे स्थिर आहेत. तू टार्ट घेऊन जा."

दूध भरून झालं. नमुन्याची बाटली खोक्यात गेली, नळी धुऊन गुंडाळली गेली. हॅना दारात उभी राहिली. कोलमनने टोपी काढली, पुन्हा घातली. सव्वीस वर्षांत त्यांनी कधी निरोप घेतला नव्हता. परवा परत यायचंच असायचं.

"जूनमध्ये येईन," तो म्हणाला. "गाडीने. दूध न्यायला नाही."

"मग रिकाम्या हाताने येऊ नकोस."

टँकरपाशी येऊन कोलमनने किल्ली ब्रोनापुढे धरली. पंधरा दिवस तो तिला सपाट रस्त्यावर चालवू देत होता; डोंगरावरून उतरताना स्टिअरिंग नेहमी स्वतःकडे घ्यायचा. तिने किल्ली घेतली आणि ती वर चढली. तो दुसऱ्या बाजूने चढून बसला आणि हात मांडीवर ठेवले.

भट्टीचं वळण आलं. ब्रोनाने आधीच गिअर खाली घेतला होता. ती कसलीतरी धून गुणगुणत होती आणि टँकर पाण्यासारखा वळत होता. कोलमनची नजर सवयीने रस्त्याच्या कडेला, उजव्या चाकाला, पुढच्या दगडाला गेली. मग त्याच्या लक्षात आलं की आज तिकडे बघायचं काम त्याचं नाही.

त्याने मान डावीकडे वळवली. उतार संपतो तिथे, हिरव्या कुरणांच्या पलीकडे, एक तळं पसरलं होतं. मधोमध बेट. बेटाच्या कडेला दोन हंस, आणि पाण्यावर सकाळचं ऊन.

"इथून तळं दिसतं?" तो म्हणाला.

"हे काय, समोरच आहे." ब्रोना हसली. "किती वर्षं या रस्त्यावर आहात तुम्ही?"

"सव्वीस," कोलमन म्हणाला, आणि काच खाली केली.