कंसातली दासी

मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, "संवाद सगळेच वाचतात. तुम्ही कंस वाचा. नाटकाने ज्यांना बोलू दिलं नाही, ती माणसं कंसात सापडतात."

मी तेव्हा शेवटच्या बाकावर होते, कारण तिथून पटकन उठून घरी पळता येतं. लेक अंगावर पिणारी. पण ते वाक्य ऐकलं आणि पुढच्या तासापासून मी पहिल्या बाकावर.

जुनी नाटकं मला आधीही आवडायची, पण भाबडेपणाने. राणी रडली की मी रडायचे. मॅडमनी शिकवलं, राणी रडत असताना तिचे केस कोण विंचरतंय ते बघ. सिद्धान्ताची जाडजूड पुस्तकं त्यांनी आम्हाला घासघास करून भरवली. सत्ता, मौन, श्रम हे शब्द मग मला घरातही दिसू लागले. दुपटी वाळत घालता घालता मी एकटीच हसायचे, की हेसुद्धा कंसातच चाललंय!

मी निवडलेल्या शोकांतिकेत पहिल्याच अंकात भर दरबारात बाळ रडतं. राजा वैतागून म्हणतो, "बाळाला आत ने." पुढे कंसात एवढंच: (दासी बाळाला घेऊन आत जाते.) मग राज्य बुडतं, राणी विष घेते आणि शेवटच्या अंकात त्याच बाळाला, चांगलं मिसरूड फुटलेलं, गादीवर बसवतात. मधल्या काळात त्याला जिवंत कोणी ठेवलं? दासी पुन्हा येतच नाही. माझा निबंध त्या कंसावर होता.

तो मी लेकीच्या दुपारच्या झोपेत लिहिला, ओट्याशी उभी राहून. बसले की तिला झोपेतही कसं कोण जाणे कळायचं. नणंदेने वाचला आणि म्हणाली, "वहिनी, अख्खा राजवाडा सोडून तुला मोलकरीणच दिसली?"

"तीच एकटी काम करत होती गं."

"मग बरोबर आहे. आमचा दादा कितव्या अंकात येतो?"

निबंध वर्गात वाचायचा होता, बाहेरून आलेल्या पाहुण्यांसमोर. मॅडमच्या संशोधनात मदतनिसाची एक जागा होती, ती कोणाला द्यायची हे पाहुणे वाचन ऐकून ठरवणार होते. मला ती जागा हवी होती. भांडी घासताना माझ्या तोंडात निबंधातली वाक्यं असायची आणि लेक पाटावरून टाळ्या पिटायची.

एरवी लेकीला नणंद सांभाळायची, पण वाचनाच्या दिवशीच तिची परीक्षा आली. नवऱ्याची पाळी बदलून मिळेना. मी मॅडमना विचारलं, लेकीचं काय करू? त्यांनी माझा हात हातात घेतला. "अगं वेडे, घेऊन ये तिला! आपल्या वर्गात नाही यायची तर कुठे यायची? बिनधास्त ये."

मी बिनधास्त गेले.

माझं नाव पुकारलं तेव्हा लेक कडेवर होती. पहिलं वाक्य मी वाचलं. तिला वाटलं, हा आपला घरचाच खेळ, म्हणून तिने टाळ्या वाजवल्या. वर्ग हसला. त्या हशाने ती दचकली आणि तिने भोकाड पसरलं. पाहुण्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी मॅडमकडे बघितलं. त्या आता काहीतरी गमतीचं बोलतील आणि सगळं सावरेल, अशी माझी खात्री होती.

"अहो," मॅडम म्हणाल्या, "बाळाला बाहेर न्या."

हे मला आहे, हेच आधी कळेना. वर्षभर मी 'अगं' होते. राजाने निदान दासीला एकेरीत सांगितलं होतं.

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात ना, घेऊन ये म्हणून..."

"मी?" त्या पाहुण्यांकडे बघून हसल्या. "असं काही ठरलं नव्हतं हं. द्या, तुमचा निबंध मी वाचते. म्हणजे गुण तरी जाणार नाहीत."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद दिले.

बाहेर सूचनाफलकाखालच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून मी लेकीला पाजायला घेतलं. दार किलकिलं होतं. आतून माझी वाक्यं येत होती, मॅडमच्या त्या आवाजात, ज्याच्यासाठी मी बाक बदलला होता. फार सुरेख वाचत होत्या. माझं शेवटचं वाक्य आलं, "बाळाला कोण घेऊन गेलं, हे दरबारात कोणीच वळून पाहिलं नाही." मग टाळ्या. दाराकडे कोणाची मान वळली असेल, तर मला दिसली नाही.

"मुलगी हुशार आहे," पाहुण्यांचा आवाज. "जागेसाठी हिचंच नाव घालायचं?"

"हुशार आहेच हो," मॅडम म्हणाल्या. "पण मूल लहान आहे. वेळ कुठून आणणार ती? पुढच्या वर्षी बघू."

लेकीचं अजून पोट भरलं नव्हतं. तरी मी तिला सोडवलं, कपडे सारखे केले आणि दार ढकललं.

"वेळेचं मला विचारा ना," मी म्हणाले. "मी इथेच आहे."

पाहुणे संकोचले. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "बरं, मग ती दासी आत जाते, म्हणजे नेमकी कुठे जाते?"

निबंधात याचं उत्तर नव्हतं. ते मला सापडलंच नव्हतं.

"दाराच्या पलीकडे," मी म्हणाले. "तिथून सगळं ऐकू येतं. मी आत्ता तिथूनच आले."

मॅडमनी हातातल्या कागदांच्या कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या आणि पुढचं नाव पुकारलं.

वर्ग सुटल्यावर त्या मागून आल्या. पाहुणे निघून गेले होते. "अगं, रागावलीस? त्यांच्यासमोर तसं बोलावं लागतं. यंदाची जागा दुसऱ्या मुलाला देतोय, पुढच्या वर्षी तुझंच नाव. तुझ्याच भल्यासाठी गं."

पुन्हा 'अगं'.

"माझे कागद," मी म्हणाले.

कागद देता देता त्यांनी लेकीपुढे दोन्ही हात पसरले. "ये, ये माझ्याकडे. रडवलं का आम्ही तुला?"

लेक खुळी. खिदळत झेपावली.

मी तिला सोडलं नाही.